मेन गेटचे सोपानराव

सव्वीस वर्षे सोपानराव बोर्डे यांनी दुसऱ्यांचे जेवणाचे डबे उघडून पाहिले. निघोज्याच्या अलीकडे गाड्यांचे सुटे भाग तयार करणारी एक कंपनी आहे. तिच्या मेन गेटवर ते आठ वर्षे गार्ड होते आणि अठरा वर्षे सिक्युरिटी सुपरवायझर. शिफ्ट सुटली की माणसे त्यांच्यासमोरून रांगेने जायची. पिशवी उघडायची, डबा उघडायचा, दोन्ही हात पसरून उभे राहायचे. एखाद्याच्या डब्यात खरकट्याखाली मूठभर नटबोल्ट सापडले की सोपानरावांच्या चेहऱ्यावर दोन दिवस तेज असायचे. मोठी चोरी त्यांनी एकही पकडली नाही. मोठ्या चोऱ्या ट्रकमधून, शिक्के मारलेल्या कागदांवर आणि सोपानरावांचा कडक सलाम घेऊन बाहेर पडल्या.

ते मूळचे जालन्याकडचे. वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते आणि घंटा वाजवायचे. घंटा वाजवणाऱ्या माणसाला सगळे ओळखतात, पण त्याला घाबरत कुणीच नाही, हे सोपानरावांनी लहानपणीच हेरले होते आणि त्यांना ते मुळीच आवडले नव्हते. दहावीला दोनदा बसून ते पिंपरीला आले. दोन ठिकाणी हेल्परी केली. मग कुणीतरी त्यांच्या अंगावर खाकी शर्ट चढवला आणि हातात शिट्टी दिली. पहिल्याच आठवड्यात ओळखपत्र विसरून आलेल्या एका इंजिनिअरला त्यांनी पाऊण तास उन्हात उभे केले. त्या पाऊण तासात आपला जन्म कशासाठी झाला हे त्यांना कळले.

कंपनीत एक पद्धत होती. सगळ्यांची झडती घ्यायला वेळ पुरत नाही, म्हणून गेटवर एक काळी कापडी पिशवी ठेवलेली असे. तिच्यात सुपारीएवढ्या प्लास्टिकच्या गोट्या. बाहेर पडणाऱ्याने न बघता हात घालून एक काढायची. पांढरी निघाली तर घरी जा, लाल निघाली तर केबिनमध्ये या आणि मोजे उतरवा. ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग. राग धरायला जागा नाही. सोपानरावांकडे मात्र अशा दोन पिशव्या होत्या. दुसरी टेबलाच्या खणात असायची आणि तिच्यात बहुतेक सगळ्या लालच. जो नमस्कार करायला विसरला, जो हसला, ज्याने ‘काका, जरा लवकर’ म्हटले, त्याच्यासाठी ती पिशवी. समर्थ मोरे नावाच्या एका लाइन ऑपरेटरला सलग नऊ दिवस लाल गोटी आली होती. नशीब इतके चिवट नसते. कुणाला काही कळत नाही अशी सोपानरावांची समजूत होती. तिन्ही शिफ्टना सगळे ठाऊक होते.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. खणातली पिशवी आणि मूठभर पांढऱ्या गोट्या त्यांनी स्वतःच्या डब्याखाली घालून घरी आणल्या. त्या दिवशी त्यांची झडती कुणी घेतली नाही.

घर रुपीनगरात, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. तिथे अडवायला कुणीच नव्हते. पहिल्या महिन्यात त्यांनी दूधवाल्याला नाव आणि पत्ता विचारला. सिलिंडर घेऊन तीन जिने चढलेल्या माणसाला दाराबाहेर उभे करून त्याचे कार्ड दोन्ही बाजूंनी वाचले. बिल्डिंगचा वॉचमन लातूरकडचा एक गरीब माणूस होता. त्याला ते रोज सकाळी उभे कसे राहावे हे शिकवायला जात. दीड महिन्यात त्याने दुसरी बिल्डिंग पाहिली. सोपानरावांची बायको साधना अंगणवाडीत मदतनीस होती. ती संध्याकाळी घरी आली की दार उघडण्याआधी हे आतून विचारत, “कोण?”

“मी. अजून कोण येणार?”

“विचारणं आपलं काम आहे.”

“मग विचारत बसा. भाजी मी जिन्यातच निवडते,” असे म्हणून ती खरोखरच पायरीवर बसायची. शेजारच्या बायका हसायच्या. सोपानराव दार उघडायचे, पण आधी कडी एकदा वाजवून.

तळवड्याहून चिखलीकडे जाताना नाल्याच्या अलीकडे एक लहानसे चर्च आहे. दगडी कुंपण, रस्त्याच्या बाजूला निळे लोखंडी फाटक, नाल्याकडे आणखी एक लहान, आत एक हापसा आणि नळाची एक तोटी. मंडळीत साठ-सत्तर कुटुंबे. त्यातली निम्मी जालना, नगर, बीड या बाजूंनी कामाला आलेली, उरलेली आयटी पार्कातली. ही दुसरी मंडळी साडेआठच्या उपासनेला नऊ वाजून पाच मिनिटांनी येतात आणि मोबाइलवर पवित्र शास्त्र वाचतात, म्हणजे बोट तरी वरखाली करतात. सोपानराव वीस वर्षे तिथे शेवटून तिसऱ्या बाकावर बसत आले होते. त्यांची प्रार्थना लांब असायची एवढीच त्यांची ख्याती. तीत देवाला बहुतेक सूचनाच असायच्या.

ऑगस्टमधल्या एका रविवारी तरुण पाळक साळवे यांनी द्वारपाळांवर प्रवचन केले. यरुशलेमातल्या जुन्या मंदिराला चारही दिशांना दारे होती आणि दारांवर लेवी वंशातली माणसे असत. दावीद राजाने मंदिराची व्यवस्था लावली तेव्हा द्वारपाळांची संख्या चार हजार होती असे शास्त्र सांगते. पूर्वेच्या दारावर रोज सहा, उत्तरेला चार, दक्षिणेला चार, भांडारापाशी दोन-दोन. गावोगावचे त्यांचे भाऊबंद सात-सात दिवसांच्या पाळीने येत. मुख्य द्वारपाळ मंदिराच्या भोवतीच मुक्कामाला असत, कारण रोज सकाळी दार उघडणे त्यांच्याकडे होते. उपासनेची भांडी ते मोजून आत नेत आणि मोजून बाहेर आणत. आणि कुणाला कोणते दार मिळावे हे चिठ्ठ्या टाकून ठरे.

सोपानराव बाकावर ताठ झाले. पाळी म्हणजे शिफ्ट. मोजून आत, मोजून बाहेर म्हणजे मटेरियलचे रजिस्टर. चिठ्ठ्या म्हणजे काळी पिशवी. देवाने त्यांची सर्व्हिस बुक वाचलेली दिसत होती. त्यांना बसवेना. ते उठले, चपला घातल्या आणि फाटकाला कुलूप कोणत्या कंपनीचे आहे हे पाहायला बाहेर गेले.

त्यामुळे प्रवचनाचा उत्तरार्ध त्यांनी ऐकलाच नाही. पाळक पुढे सांगत होते की हे द्वारपाळ कोरहाच्या कुळातले होते. कोरह म्हणजे मोशेच्या तोडीचा मान मिळावा म्हणून बंड करून उठलेला माणूस. त्याला जमिनीने गिळले. त्याच्या वंशजांच्या वाट्याला पुढे मंदिराचा उंबरठा आला, आणि तो त्यांनी असा जपला की त्यांच्या नावावर स्तोत्रे आहेत. हे ऐकून दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. सोपानराव तेवढा वेळ बाहेर कुलूप ओढून बघत होते.

पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता ते फाटकात उभे. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, गळ्यात जुन्या ओळखपत्राची दोरी, कार्ड नसलेली. शेजारी प्लास्टिकचे टेबल, त्यावर रजिस्टर: नाव, वेळ, येण्याचे कारण. पहिल्या पानावर बत्तीस जणांनी कारणाच्या रकान्यात ‘उपासना’ लिहिले आणि एका आयटीवाल्याने ‘पर्सनल’. पाळकांनी हे पाहिले आणि ते हसून आत गेले. पाळक साळव्यांचा तो दोष होता. अप्रिय गोष्ट आपोआप सुधारेल अशी त्यांची श्रद्धा होती आणि तिला शास्त्रात कुठेही आधार नाही.

ती सुधारली नाही. महिन्याभरात उशिरा येणाऱ्यांना पहिले गीत संपेपर्यंत बाहेर थांबावे लागू लागले. प्रीतिभोजनाच्या दिवशी घरी डबा भरून नेणाऱ्या बायकांचे डबे सोपानरावांनी उघडले आणि एका डब्यातले चार वडे जास्तीचे आहेत असे जाहीर केले. आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी त्यांनी समर्थ मोरेला अडवले. नऊ लाल गोट्यांचा तो धनी आता तळवड्यातच राहत होता. तिसरी शिफ्ट करून, कंपनीच्या बसमधून उतरून तो थेट चर्चला यायचा, मागच्या बाकावर बसायचा आणि प्रवचनात थोडा झोपायचा. अंगावर ग्रीसचे डाग पडलेला कंपनीचा निळा शर्ट, पायांत लोखंडी टोकाचे बूट.

“थांब,” सोपानराव म्हणाले. “हे कसले कपडे?”

“सलाम, काका. ड्युटीवरून आलोय.”

“मंदिरात असं यायचं नसतं. जुन्या काळी द्वारपाळ अशुद्ध माणसाला उंबरठा ओलांडू देत नव्हते. पाळकांना विचार, सांगतील.”

“काका, ग्रीसला अशुद्ध कोण म्हणतं? तुमच्या त्याच कंपनीचं ग्रीस आहे. सव्वीस वर्षं तुमचं घर त्याच्यावर चाललं.”

“घरी जाऊन आंघोळ करून ये.”

“खोलीवर सात वाजता पाणी जातं, राव. आंघोळ करून यायचं म्हणजे उद्या येतो.”

मागे उभ्या असलेल्या लोकांत खसखस पिकली. सोपानरावांनी शिट्टीसाठी खिसा चाचपला. ती साधनाने धुण्यात काढून ठेवली होती. तेवढ्यात कुंपणाच्या आतून एक आवाज आला, “ये रं समर्थ, हिकडनं ये. त्यास्नी उभं राहू द्या, त्यांचं पाय आखडल्यात.” आणि नाल्याकडचे लहान फाटक उघडले.

ही रतनबाई. निघोज्याची, शेतकऱ्याच्या घरातली. जमीन कंपनीच्या प्लॉटात गेली, आलेला पैसा दोन मुलांनी दोन वर्षांत उडवला, आणि ती नाल्याकाठच्या खोल्यांत येऊन राहिली. चर्चची झाडलोट करायची. ती मंडळीची सभासद नव्हती. तिच्या खोलीत खंडोबाचा टाक होता आणि चर्चच्या आवारात बसून ती मिश्री लावायची. पण दोन्ही फाटकांच्या किल्ल्या तेरा वर्षे तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात होत्या. रोज पहाटे पावणेसहाला ती निळे फाटक उघडायची, कारण नाल्याकाठच्या अकरा खोल्यांना पाणी भरायला जवळ दुसरी तोटी नव्हती. हे कुणी ठरवून दिलेले नव्हते. आधीच्या पाळकांनी एकदा ‘असू द्या’ म्हटले आणि ते तसेच असत आले.

सोपानरावांना आता दुसरे काही सुचेना. किल्ली हवी. किल्लीशिवाय फाटकात उभा राहणारा माणूस म्हणजे बुजगावणे. कुणीतरी मागून दुसरे दार उघडते आणि सगळा कारभार पाण्यात. किल्ली हाती आली की काय करायचे याचा तक्ता त्यांनी कागदावर आखलाही होता. फाटक रविवारी आठ ते अकरा. बुधवारी संध्याकाळी सहा ते साडेसात. एरवी बंद. नाल्याकडचे फाटक कायमचे बंद, साखळीसह. “मंदिराचं आवार म्हणजे पाणपोई नव्हे,” ते साधनाला म्हणाले.

“अकरा घरांच्या बायका पाणी कुठून आणतील?”

“तो माझ्या गेटचा विषय नाही.”

साधना भाकरी थापत होती. ती थांबली नाही. “तुमच्या गेटचा विषय कधी काय होता हो? माणसांचे मोजे?”

ऑक्टोबरभर सोपानराव चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या घरी जाऊन बसले. पंचांना चर्चचे रंगकाम, ख्रिसमसचा मंडप आणि आपापले फोटो यांपलीकडे काही नको होते, आणि सोपानराव चहा घेतल्याशिवाय उठत नसत. तेव्हा त्यांना उठवण्यासाठी एकेकाने होकार दिला. ठरले असे: शास्त्रात आहे तशाच चिठ्ठ्या टाकायच्या. अकरा सभासदांची नावे. पिशवीत अकरा गोट्या, त्यात एक लाल. लाल ज्याला येईल तो वर्षभर मुख्य द्वारपाळ, किल्ल्या त्याच्याकडे. नावांची यादी सोपानरावांनी लिहिली आणि नम्रतेने स्वतःचे नाव सर्वांत शेवटी घातले. पिशवी त्यांचीच होती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, उपासनेनंतर अकरा वाजून वीस मिनिटांनी, सगळे पुढच्या टेबलाभोवती जमले. मागे बाकांवर बरीच मंडळी थांबली होती. रतनबाई दाराशी झाडू घेऊन उभी होती. गळ्यातला दोरा तिने पदराबाहेर काढून ठेवला होता, काढून द्यायला सोपा पडावा म्हणून. हे पाहून सोपानरावांना बरे वाटले. ते टेबलाच्या टोकाला उभे होते, काळी पिशवी डाव्या हातात, आणि उजव्या मुठीत लाल गोटी. पिशवीत दहा पांढऱ्या होत्या, बस. दहा जण काढतील, दहांना पांढरी येईल, आणि शेवटी सोपानराव रिकाम्या पिशवीत हात घालून देवाची इच्छा बाहेर काढतील. हातचलाखी करणारी माणसे पकडण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला एवढे येणारच.

“सुरू करायचं?” ते म्हणाले.

“एक मिनिट, बोर्डेकाका,” पाळक साळवे म्हणाले. ते यादी वाचत होते. “यात रतनबाईंचं नाव नाही.”

“त्या सभासद नाहीत.”

“पण तेरा वर्षं दार त्याच उघडतात.”

“पाळकसाहेब, द्वारपाळ लेवी वंशाचे होते. परक्याला मंदिराची किल्ली दिल्याचा एक तरी दाखला दाखवा.”

सोपानरावांनी हे वाक्य आठ दिवस घोटले होते. पाळक साळव्यांना लोकांशी भांडता येत नसे. शास्त्रावरून मात्र ते कुणालाही सोडत नसत. त्यांचा चेहरा उजळला. “ओबेद-अदोम,” ते म्हणाले. “दक्षिणेचं दार आणि भांडार त्याच्या घराकडे होतं. मुलं-नातवंडं मिळून बासष्ट द्वारपाळ एकाच घरातले. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, ज्याच्या घरी तीन महिने राहिला त्या माणसाचंही नाव ओबेद-अदोम, आणि तो गथचा होता. पलिष्ट्यांच्या, म्हणजे शत्रूच्या गावाचा! दोघे एकच की वेगळे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, मी ते लपवत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. चिठ्ठ्या टाकताना लहान-मोठा असा भेद केला नव्हता. तेव्हा रतनबाईंचंही नाव घालू.”

“मला न्हाई पायजे,” रतनबाई दारातून म्हणाली. “कुणी बी घ्या किल्ली, पर फाटाक सकाळचं उगडा म्हंजी झालं. बायास्नी पानी लागतं.”

“नाव घाला,” दोन-तीन आवाज एकदम आले. पंचांनी माना डोलावल्या. जिकडे जास्त आवाज तिकडे माना, हा पंचांचा जुना रिवाज.

“बारा नावं झाली, मग गोटी एक कमी पडेल,” सेक्रेटरी विजयश्रीबाई म्हणाल्या. त्या भोसरीला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होत्या. दिवसभर त्या तयार माल मोजून बाजूला काढत आणि घरी आल्यावर मुलांच्या वह्यांची पाने मोजत. त्यांनी हात पुढे केला. “द्या इकडे.”

“मी घालतो, मी घालतो,” सोपानराव म्हणाले, पण उजवी मूठ मिटलेली आणि डाव्या हातात पिशवी, घालणार कशाने? विजयश्रीबाईंनी पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि टेबलावर उपडी केली. गोट्या घरंगळल्या. त्यांनी त्या बोटाने दोन-दोन करून बाजूला सारल्या.

“दहा. सगळ्या पांढऱ्या. लाल कुठंय?”

सोपानरावांना खोकला आला. त्यांनी मूठ तोंडावर नेली, खोकले, आणि हात खाली आणला तेव्हा तो रिकामा होता. कामगार वस्तू कुठे कुठे लपवतात हे त्यांना पाठ होते. मोजे, बुटाचा तळ, डब्याचे दुहेरी बूड, बायकांचा अंबाडा, आणि अगदीच अडचण आली तर गाल. एका हेल्परच्या गालातून त्यांनी एकदा बेअरिंगचा छर्रा काढला होता आणि त्याला अख्ख्या शिफ्टसमोर तोंड वासून उभे केले होते. पुढे तो माणूस कामावर परत आला नाही.

“खाली पडली असेल,” कुणीतरी म्हणाले. दोघे टेबलाखाली वाकले. एक पंच स्वतःच्या कोटाचे खिसे बघू लागले. त्यांना सवय होती, काहीही हरवले की ते स्वतःला निर्दोष सिद्ध करत.

“आमच्या गेटवर लाल कधी कमी पडली नाही हो, काका,” समर्थ मागच्या बाकावरून म्हणाला. “मला तर रोज मिळायची. आजच कशी आटली?”

हशा झाला. पाळक साळव्यांना वातावरण बिघडताना दिसले आणि त्यांनी नेहमीचा उपाय केला. “सापडेल, सापडेल. आधी प्रार्थना करायची राहिलीच. बोर्डेकाका, पिशवी तुमची आहे, तुम्हीच प्रार्थना चालवा. चला, डोळे मिटू या.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि डोळे मिटले. सोपानरावांनीही मिटले. सगळे त्यांच्या आवाजाची वाट पाहत होते. प्लास्टिकची गोटी जिभेच्या कडेला दाबून बसली होती आणि तोंडाला पाणी सुटत होते. गिळावी तर सुपारीएवढी. काढावी तर पुन्हा खोकायला हवे, आणि खोकताना ती आधीच पुढे आली तर? त्यांनी नाकाने एक हुंकार काढला. मनातल्या मनात प्रार्थना करणारा माणूस असा हुंकार काढतो असे लोकांना वाटेल, ही त्यांची आशा. अर्धे मिनिट गेले. एक मूल खिदळले आणि आईने त्याला दाबले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. मिनिट गेले. इतक्या वर्षांत सोपानराव देवासमोर इतका वेळ गप्प कधी बसले नव्हते.

रतनबाईने मात्र डोळे मिटले नव्हते. ती मंडळीतली नव्हती. प्रार्थनेला डोळे मिटायचे असतात हे तिला कुणी सांगितले नव्हते, आणि झाडू हातात असताना ती नेहमी खालीवर बघतच उभी राहायची. ती सोपानरावांकडे बघत होती. चार पावले पुढे आली.

“आवं दादा,” ती म्हणाली, “दाढ सुजली काय तुमची? गाल क्येवढा आलाय बगा. लाळ गळायलीय. थुका, थुका, भायेर नका जाऊ, हितंच थुका, मी पुसून घेते. लवंग हाय माझ्याकडं.”

साठ माणसांनी एकदम डोळे उघडले.

सोपानरावांनी मान हलवली. रतनबाईने त्यांच्या हनुवटीखाली पदराचा ओला शेव धरला, लहान मुलाच्या धरावा तसा, अगदी काळजीने. ती काळजी खरी होती, म्हणूनच तिच्यापुढे काही चालेना. गोटी पदरात पडली. लाल, ओली, टपकन.

समर्थसुद्धा हसला नाही. त्याने फक्त खिडकीकडे तोंड फिरवले. पाळक साळवे घोगऱ्या आवाजात “आमेन” म्हणाले, कारण सुरू झालेली प्रार्थना कुठेतरी संपवणे भाग होते. विजयश्रीबाईंनी ती गोटी रुमालात घेऊन पुसली, नीट, दोनदा, आणि दहा पांढऱ्यांच्या शेजारी ठेवली.

“अकरा झाल्या,” त्या म्हणाल्या. “बारावी कुठून आणायची?”

“बोर्डेकाकांचं नाव कमी करा,” समर्थ खिडकीकडे बघतच म्हणाला. “अकरा पुरतील.”

विजयश्रीबाईंनी यादीतल्या सोपानरावांच्या नावावर रेघ मारली.

मग चिठ्ठ्या पडल्या. सोपानराव तिथेच उभे राहिले; कुणी त्यांना जा म्हणाले नाही आणि जाण्याएवढी लाज त्यांना वाटत नव्हती. त्यांचे लक्ष दुसरीकडेच होते. पिशवी परवानगीशिवाय टेबलावर उपडी करणे हे पद्धतीला धरून नव्हते. बाईमाणसाच्या हातात चेकिंगचे साहित्य देणेही नव्हते. लाल गोटी आयटीतल्या एका गृहस्थांना आली. त्यांनी ती पार्किंगची पावती धरावी तशी धरली आणि विचारले, “म्हणजे मी नक्की काय करायचं?” सकाळी पावणेसहाला फाटक उघडायचे हे कळल्यावर ते दचकले. “मला नाही जमणार हो, माझे कॉल असतात. मावशींकडेच राहू द्या ना. मी लागेल तर पाटी करून देतो.” पंचांनी माना डोलावल्या. रतनबाईने दोरा पुन्हा पदराआड केला आणि टेबलाखालची जागा झाडायला घेतली, कारण माणसे वाकून वाकून धूळ करून गेली होती.

घरी जाताना सोपानराव आणि साधना दोघे चालत निघाले. तळवड्याच्या चौकात त्यांनीच सुरुवात केली.

“प्रोसिजर चुकली त्यांची.”

“हो?”

“मोजणी आधी व्हायला पाहिजे होती. बंद खोलीत. दोन साक्षीदार.”

साधना थांबली. तिने त्यांच्याकडे पाहिले, गाल, ओठ, शर्टावरचा ओला डाग, सगळे. “मी बावीस वर्षं अंगणवाडीत आहे,” ती म्हणाली. “पोरं तोंडात खडे घालतात, पेन्सिलची टोकं घालतात, एकाने तर गोगलगाय घातली होती. पण तोंड उघड म्हटलं की उघडतात बिचारी.” आणि ती भाजीवाल्याकडे वळली. त्यांच्यासाठी थांबली नाही.

त्या रविवारनंतर सोपानराव त्या चर्चला गेले नाहीत. तिथे आता शास्त्राप्रमाणे चालत नाही असे ते सांगतात. साधना जाते, सव्वाआठला निघते आणि त्यांना विचारत नाही. त्यांनी मोशीला दुसरी मंडळी शोधली आहे, टायरच्या दुकानावर भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी, वीस-बावीस माणसांची. तिथे कुंपण नाही, फाटक नाही, कुलूप नाही. एक लोखंडी जिना आहे, आणि तो इतका अरुंद आहे की वर जाणाऱ्याला वाट द्यायची तर उभ्या माणसाला अंग चोरून भिंतीला चिकटावे लागते. सोपानराव चौथ्या पायरीवर उभे असतात आणि अंग चोरत नाहीत. गेल्या दोन महिन्यांत चार कुटुंबांनी तिथे येणे सोडले. तिथले पाळक भले गृहस्थ आहेत. कारण काय असावे म्हणून ते दर बुधवारी उपवास करून देवाला विचारतात.